मान कॅमेऱ्याच्या हातात

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने आणि त्याच्या तीन मित्रांनी मोबाइलवर चार मिनिटांची भुताची फिल्म करायला घेतली. जागा मात्र भारी मिळाली. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांच्यातल्या एकाच्या घरामागेच चादरीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडखाली दोन रांगांत यंत्रमाग, मधून एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट आणि टोकाला सुताच्या गठ्ठ्यांची अंधारी खोली. एरवी तिथल्या खडखडाटात शेजारचा काय बोलतोय ते ऐकू येत नाही. सणामुळे माग बंद होते आणि ती शांतताच अंगावर येत होती.

पोरांनी पहिल्या दिवशी रबरी मुखवटा आणला, लाल रंग कालवला आणि मुखवटेवाला मागाच्या आडून उडी मारून समोर येतो असा शॉट घेतला. रात्री मित्राच्या आजीला दाखवला. सगळी गल्ली त्यांना अम्मा म्हणते. अम्मा चटणीसाठी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मोबाइलकडे एकदा बघितलं, "ह्यो आपला पोरगाच हाय की" म्हणाल्या आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या.

भाचा हिरमुसला. "मामा, मुखवटा जरा महागातला आणू का?"

मी म्हणालो, मुखवटा पिशवीत घाल. उद्या तोच पोरगा, तीच वाट, तोच उजेड. फक्त मोबाइल कुठं ठेवायचा तेवढं बदलू. पुढचे दोन दिवस आम्ही जे केलं, त्याच्याच आधाराने भयपटातला कॅमेरा कसं काम करतो ते सांगतो.

रात्री स्वयंपाकघरात भांडं पडलं तर आपण पहिलं काय करतो? मान वळवतो. उठून दिवा लावतो, ओट्यावर मांजर दिसतं आणि छातीतली धडधड खाली बसते. भीतीवरचा उतारा आपल्याच मानेत असतो. सिनेमागृहात ही मान आपली राहत नाही. दिग्दर्शक वळवेल तिकडेच आपण बघतो आणि तो म्हणेल तेवढाच वेळ बघतो. मागे काय आहे ते बघायची कितीही इच्छा झाली तरी बघता येत नाही. भयपटातले शॉट आणि अँगल या एका अडचणीवर उभे असतात. ही गोष्ट ध्यानात आली की बाकीचं तंत्र भराभर उलगडतं.

जरा आकड्यांत बघू. दोन्ही डोळे मिळून माणसाला आडव्या रेषेत साधारण 180 अंश दिसतं, थोडं जास्तच. कडेचं स्पष्ट दिसत नाही, पण तिथे काही हललं तर लगेच कळतं. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा आडवा धरला तर 70 अंशांच्या आसपास दिसतं. सिनेमावाले 50 मिलिमीटरची लेन्स म्हणतात ती मोठ्या कॅमेऱ्याच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, जेमतेम 40 अंश दाखवते आणि चेहऱ्याच्या क्लोजअपला आवडीने वापरतात ती 85 ची लेन्स 24 च्या आसपास. म्हणजे क्लोजअप आला की आपली कडेची नजर छाटलेली असते. जंगलात राहणाऱ्या माणसाला ज्या नजरेने वाचवलं, तीच काढून घेतलेली असते.

म्हणून भयपटातला क्लोजअप चेहरा दाखवण्यासाठी असतो हे मला अर्धंच खरं वाटतं. तो खोली लपवण्यासाठीही असतो. कारखान्यात आम्ही हे आधी करून बघितलं. पोरगा मागांमधल्या वाटेने चालत येतोय, मोबाइल शेडच्या टोकाला. दोन्ही बाजूंचे माग, वरचा पत्रा, मागची खोली, सगळं दिसतंय. कुठे कोणी नाही हेही दिसतंय. भीती शून्य. मग तेच चालणं, पण मोबाइल त्याच्या तोंडासमोर हातभर अंतरावर. कानामागे नुसता धूसर अंधार. मधेच तो थांबला आणि त्याचे डोळे डावीकडे गेले. मी त्याला एवढंच सांगितलं होतं, की तू बघ, पण काय बघितलंस ते आपण दाखवायचं नाही. तो दोन सेकंद बघत राहिला आणि त्याचा गळा हलला. तपासताना चौघंही गप्प झाले. डावीकडे काय होतं? कांड्यांची टोपली होती. पण ती फ्रेमच्या बाहेर होती, आणि फ्रेमच्या बाहेरच्या गोष्टीला आकार देण्याचं काम प्रत्येकाचं डोकं आपापल्या भीतीप्रमाणे करतं. कुठलाही मुखवटा त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही.

यातलाच एक किस्सा फार बोलका आहे. रोमन पोलान्स्कीच्या 1968 च्या 'रोझमेरीज बेबी' सिनेमात एक म्हातारी शेजारीण आतल्या खोलीत फोनवर बोलते. छायाचित्रकार विल्यम फ्रेकर यांनी ती दारातून नीट दिसेल असा कॅमेरा लावला होता. पोलान्स्कीने तो सरकवायला लावला, इतका की दाराच्या चौकटीने तिचा चेहरा झाकला गेला. फ्रेकरना कारण कळेना. सिनेमा लागला तेव्हा त्यांनी बघितलं, की त्या शॉटला थिएटरमधली माणसं चौकटीपलीकडे डोकावण्यासाठी खुर्चीत एका बाजूला वाकतायत. पडदा सपाट असतो, वाकून काही दिसणार नसतं, हे प्रत्येकाला माहीत असतं. तरी मान वळली.

दुसरी युक्ती याच्या उलटी आहे. काही लपवायचं नाही, उलट जास्त दाखवायचं, पण ते जास्तीचं रिकामं ठेवायचं. आम्ही पोराला फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात बसवलं, सुताची गाठ सोडवत. डावीकडचा दोन तृतीयांश भाग सुताच्या खोलीच्या उघड्या दारासाठी सोडला. दारात काळोख. पोरगा आपल्या कामात. बघणारा मात्र पोराकडे बघतच नाही, तो दाराकडे बघतो. फोटोच्या दुकानात कोणी असा फोटो काढून दिला तर आपण म्हणू, अहो माणूस मधे घ्या की. भयपटात ती मोकळी जागा म्हणजे मांडून ठेवलेला पाट असतो. कोणीतरी येऊन बसणार असं वाटत राहतं. जॉन कारपेंटरने 1978 च्या 'हॅलोविन'साठी मुद्दाम रुंद पडद्याची चौकट घेतली. उंचीच्या अडीचपटीच्या जवळ जाणारी रुंदी, म्हणजे माणसाच्या शेजारी भरपूर मोकळं मैदान. तिथे दर वेळी कोणी येतंच असं नाही, आणि येत नाही म्हणूनच नजर तिथून हटत नाही.

आता प्रश्न येतो, बघतंय कोण? साध्या सिनेमात कॅमेरा कोणाचाच नसतो, आपण त्याला विसरतो. भयपटात तो अचानक कोणाचे तरी डोळे होतो. 'हॅलोविन'ची सुरुवात याचं फार नीट केलेलं उदाहरण आहे. चारेक मिनिटं आपण कोणाच्या तरी नजरेतून घराभोवती फिरतो, आत शिरतो, जिना चढतो. मुखवटा चढवला की पडद्यावर डोळ्यांची दोन भोकंच उरतात आणि त्यातून आपण खून होताना बघतो. मग बाहेर येऊन मुखवटा काढला जातो, कॅमेरा पहिल्यांदा त्या व्यक्तीकडे वळतो आणि तिथे सहा वर्षांचं पोर उभं असतं. भीती त्या पोराची वाटतेच, पण इतका वेळ आपण त्याच्या डोळ्यांत बसलो होतो याची जास्त वाटते.

नजरेचा मालक दाखवला नाही तर ती आणखी त्रास देते. स्टीव्हन स्पीलबर्गच्या 1975 च्या 'जॉज'मध्ये समुद्राच्या खाऱ्या पाण्यात यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता. मग शार्कऐवजी शार्कची नजर वापरली गेली. पोहणाऱ्यांचे पाय खालून दिसतात, कॅमेरा त्यांच्याकडे सरकत जातो. शार्क पूर्ण दिसायला तासाहून जास्त वेळ लागतो, पण पहिल्या प्रसंगापासून तो हजर असतो.

कारखान्यात ही नजर कशी आणायची यावर पोरं अडली. मोबाइल हातात धरून मागे मागे फिरलं की ते लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसायचं. तोडगा मागावरच सापडला. एका मागावर बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा मोठा रूळ, चढवलेलं होतं. ताण्याचे शेकडो पांढरे धागे ओढून बसवलेले, एकमेकांना लागून. त्या धाग्यांना मोबाइल अगदी चिकटवून आम्ही पलीकडच्या पोराचं चित्रण केलं. जवळचे धागे धूसर होऊन पांढऱ्या पडद्यासारखे झाले आणि त्यांच्या फटींतून पोरगा तुकड्या-तुकड्यांत दिसायला लागला. मग भाच्याने एका बोटाने धागे अर्धा इंच बाजूला सारले. बस. धागे कोणीतरी सारले, म्हणजे पलीकडून बघणाऱ्याला हात आहे. दोन दिवसांतला माझ्या मते तो सगळ्यात चांगला शॉट होता. नजर आणि पोरगा यांच्यामध्ये काहीतरी आडवं आलं की बघणं चोरून होतं. खिडकीचे गज, दाराची फट, उसाची पानं, काहीही चालतं.

उसावरून आठवलं. विशाल फुरियांच्या 2017 च्या 'लपाछपी' या मराठी सिनेमात एक गरोदर बाई आणि तिचा नवरा उसाच्या रानातल्या एका घरी आसऱ्याला जातात. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला उसाची भीती शिकवावी लागत नाही. रात्रीची लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, जो गेलाय त्याला विचारा. ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, पुढे दोन सऱ्यांपलीकडे दिसत नाही, आणि पान हललं तर ते वाऱ्याने हललं की कशाने, हे कळायचा मार्ग नसतो. म्हणजे फडात शिरलेल्या माणसाची नजर आधीच क्लोजअपसारखी छाटलेली असते. कॅमेऱ्याने फक्त त्याच्याबरोबर आत जायचं. राही अनिल बर्वे यांच्या 2018 च्या 'तुंबाड'मध्ये हे काम काळोख करतो. विहिरीसारख्या खोल जागेत उतरणाऱ्या माणसाच्या हातात जेवढा उजेड, तेवढंच जग.

आता अँगलकडे येतो, कारण यावर फार घोकंपट्टी चालते. वरून घेतलेला शॉट माणसाला दुबळा करतो, खालून घेतलेला बलवान करतो, असं शिकवलं जातं. खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या आजोळी, मंगळवेढ्याकडे, माळवदाचं घर होतं. माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक असतं, त्याला सवणं म्हणतात. त्याच्या खाली अंथरूण टाकून मी झोपायचो. वर चौकोनात चांदणं दिसायचं. एका रात्री मनात आलं, आत्ता त्या चौकोनात एखादं डोकं आलं तर? त्यानंतर मी कित्येक रात्री भिंतीकडे सरकून झोपलो. सवण्यातून खाली बघणाऱ्याला मी पूर्ण दिसणार होतो, हातपाय, उशी, पांघरूण, सगळं. मला मात्र त्याच्या चेहऱ्याची काळी कड दिसली असती, बस. वरच्या अँगलने माणूस लहान दिसतो हे खरं, पण त्याला लपायला जागा उरत नाही हे त्याहून खरं. आणि खालून बघणाऱ्याला समोरच्याचं डोकं आभाळात गेलेलं दिसतं, चेहरा वाचता येत नाही. लहानपणी आपण सगळ्या मोठ्या माणसांना असंच बघितलेलं असतं.

हिचकॉकने 1960 च्या 'सायको'मध्ये वरच्या अँगलचा आणखी एक उपयोग केला. गुप्तहेर जिना चढून वर येतो आणि म्हातारी त्याच्यावर धावून येते, तेव्हा कॅमेरा थेट छताशी आहे. कारण अगदी व्यवहारी होतं. म्हातारीचा चेहरा दाखवायचा नव्हता आणि तो मुद्दाम लपवलाय असं वाटूनही द्यायचं नव्हतं. छतावरून डोकं दिसतं, चेहरा दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं सगळं दाखवलं.

स्टॅन्ली कुब्रिकच्या 1980 च्या 'द शायनिंग'मध्ये कॅमेरा जमिनीलगत आहे, पण ज्याच्या मागे तो जातो तो पोरगा काही त्यामुळे बलवान दिसत नाही. तीनचाकी सायकलवरून तो हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये फिरतो, कॅमेरा त्याच्या उंचीवर, मागोमाग. त्यामुळे भिंती उंच होतात, वळणापुढचं काही कळत नाही, आणि प्रत्येक वळणाआधी आपण श्वास धरतो. हा कॅमेरा गॅरेट ब्राउन यांनी शोधलेल्या स्टेडीकॅम या उपकरणावर होता आणि सायकलच्या मागे धावण्यासाठी तो चक्क व्हीलचेअरवर बसवला होता. स्टेडीकॅम चालणाऱ्या माणसाचे हेलकावे गिळून टाकतो, चित्र तरंगत जातं. माणूस असा चालत नाही. पावलं नसलेलं काहीतरी मागून येतंय हे आपल्या अंगाला कळतं, डोक्याला कळायच्या आधी.

आमच्याकडे बीम वाहायची चाकाची गाडी होती. तिच्यावर मोबाइल ठेवून ओढला. फरशीच्या सांध्यांवर धक्के बसत होते, तर अम्मांनीच आतून एक जुनी चादर काढून गाडीखाली अंथरायला दिली. चौथ्या वेळेला जमलं.

कॅमेरा वाकडा धरून जमीन तिरपी करण्याची एक पद्धत आहे, तिला डच अँगल म्हणतात. तिच्यावर मी फार थांबत नाही. गेल्या शतकाच्या विशीतल्या जर्मन सिनेमात वाकडी जगं उभी राहिली, तिथे तिला अर्थ होता. आता जो तो मोबाइल वाकडा करतो आणि बघणाऱ्याला मान दुखल्यासारखं वाटतं. एखाद्या शॉटला ठीक.

'व्हर्टिगो' या 1958 च्या सिनेमात पहिल्यांदा गाजलेली एक हालचाल मात्र समजून घेण्यासारखी आहे, 'जॉज'मध्येही ती आहे. कॅमेरा माणसाच्या जवळ सरकतो आणि त्याच वेळी झूम तेवढाच मागे घेतला जातो. चेहरा पडद्यावर आहे तेवढाच राहतो, मागचं जग मात्र लांब लांब पळतं. भीतीने पायाखालची जमीन सरकली असं आपण म्हणतो ना, ते डोळ्यांना दाखवायची ही रीत आहे. एका सिनेमात एकदाच वापरावी, नाहीतर ती नुसती कसरत होते.

आणि आता वेळ. मला वाटतं, नवीन पोरं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. शॉट किती वेळ ठेवायचा हाही अँगलच आहे, कारण मान किती वेळ धरून ठेवायची ते त्यावर ठरतं. 'सायको'मधला न्हाणीघराचा प्रसंग जेमतेम तीन मिनिटांचा, पण त्यासाठी 70 हून जास्त वेळा कॅमेरा नव्याने लावला गेला आणि चित्रीकरणाला साधारण आठवडा गेला. सुरी, हात, पडदा, तोंड, पाणी, अशा तुकड्यांचा मारा. इथे भीती या गोष्टीची, की कुठल्याच तुकड्यावर नजर ठरू दिली जात नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 1990 च्या 'एक्झॉर्सिस्ट 3'मधला हॉस्पिटलचा कॉरिडॉर. कॅमेरा टोकाला खिळल्यासारखा उभा, लांबवर एक नर्स आपलं रात्रीचं काम करतेय. फारसं काही घडत नाही. जवळ जावं, निदान तिच्या मागचं दार बघावं असं वाटतं, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. पुढचं सांगत नाही. दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. अचानक मोठा आवाज झाला की कोणीही दचकतं, त्याला कला लागत नाही. भिण्यासाठी आधी वाट बघावी लागते.

पोरांना हे सांगितलं तेव्हा भाच्याने विचारलं, मान धरून ठेवायची म्हणता, मग ती दुसऱ्या कोणी फिरवली तर? त्याला ठाऊक नव्हतं, पण हे झालेलं आहे. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी 3' या 2011 च्या सिनेमात एक माणूस कॅमेरा फिरत्या टेबल फॅनच्या बैठकीवर बसवतो, घराच्या दोन्ही बाजू दिसाव्यात म्हणून. कॅमेरा डावीकडे जातो, थांबतो, उजवीकडे जातो, थांबतो. कोणाच्या मर्जीने नाही, यंत्राच्या गतीने. डावीकडे काही दिसलंय असं वाटेपर्यंत तो उजवीकडे निघालेला असतो आणि पुरता फिरून येईपर्यंत परत यायचा नाही.

सोलापुरात टेबल फॅनला काय तोटा! कारखान्यातला जुना फॅन घेतला, जाळी आणि पाती काढली, पुढच्या तोंडाला रबराने मोबाइल बांधला आणि फिरता केला. एका टोकाला मागांची वाट, दुसऱ्या टोकाला सुताच्या खोलीचं दार. पोरगा वाटेत खाली बसून धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारा तुकडा, शोधतोय. मुखवटा नाही, रंग नाही. पहिल्या फेरीत दार बंद. दुसऱ्या फेरीत दार बंद. तिसऱ्या फेरीत दार वीतभर उघडं, आत काळोख. फॅन पुन्हा पोराकडे वळला; त्याला काही माहीत नाही, तो शोधतोच आहे.

रात्री अंगणात अम्मांना दाखवलं. शेंगांचं सूप मांडीवर होतं. पहिल्या दोन फेऱ्या त्या शेंगा फोडत बघत होत्या. तिसऱ्या फेरीला हात थांबला. फॅन पोराकडून पुन्हा दाराकडे निघाला तशा त्या मोबाइलला हात लावत म्हणाल्या, "आता तिकडं नको फिरवू बे, त्याला आधी उठीव तिथनं."

भाचा माझ्याकडे बघून हसला आणि त्याने व्हिडिओ थांबवला नाही.

झोपायला जाताना अम्मांनी नातवाला हाक मारून कारखान्याचं मागचं दार लावलंय का ते बघून यायला सांगितलं. तो एकटा जायला तयार होईना. शेवटी चौघंही बॅटरी घेऊन गेले.